परक्या घराचं अर्थिंग

परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत काय असतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सोऱ्या, पोळ्यांचा तवा, गोडा मसाला, कुकरच्या दोन जादा रिंगा, वर्षभराची औषधं. आफ्रिकेकडे निघालेल्यांच्या यादीत मात्र आणखी एक नग हटकून दिसतो. तो म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर. "तिकडे लाईटचा फार घोळ असतो म्हणे," असं म्हणत चार-सहा किलोचा हा ठोकळा साड्यांच्या घड्यांत गुंडाळून नेला जातो.

आमच्या नात्यागोत्यात याबाबतीत मला विचारायची पद्धत पडली आहे, कारण माझी लेक नायजेरियात लागोसला असते आणि मी तिच्याकडे तीन वेळा जाऊन राहून आले आहे. खरं तर मी विज्ञानाची बाई नव्हे. मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. पण तिथल्या वायरमनला प्रश्न विचारून विचारून मी बेजार केलं आणि जावयांनी उरलेलं समजावलं. त्यातून माझं जे मत झालं ते एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे दर वेळी फोनवर सांगायला नको.

मत असं : घरातल्या वस्तूंचं खरं रक्षण शेल्फावरच्या डब्यात नसतं. ते मेन बोर्डात आणि जमिनीत असतं. ते घर भाड्याचं आहे, देश परका आहे, दोन वर्षांनी आपण जाणार आहोत, या कारणांसाठी तिकडे दुर्लक्ष करणं शहाणपणाचं नाही.

आधी थोडं लागोसविषयी. तिथे आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज, त्यामुळे आपला मिक्सर तिथे चालतो. प्लग मात्र इंग्लंडसारखा, तीन चपट्या पायांचा. तिथल्या सरकारी वीजमंडळाचं नाव १९७२ पासून 'नेपा' होतं. २००५ मध्ये ते बदललं, २०१३ मध्ये वीजवाटप खाजगी कंपन्यांकडे गेलं, पण लोकांच्या तोंडी अजून नेपाच आहे. आपल्याकडे कसं मंडळाची २००५ मध्ये शकलं झाली तरी आपण 'एमएसईबीचा माणूस आलाय' असंच म्हणतो, तसं. लाईट आले की गल्लीतली सगळी पोरं "अप नेपा!" असं एका सुरात ओरडतात. पहिल्यांदा मी दचकले होते, नंतर मलाही ते ऐकायची सवय झाली. २०२४ या वर्षात तर तिथली राष्ट्रीय ग्रिड अनेकदा कोसळली. ज्यांना परवडतं ते जनरेटर ठेवतात, आता बरेच जण सोलर आणि इन्व्हर्टर बसवतात. २०२३ च्या मे महिन्यात पेट्रोलवरची सवलत गेल्यापासून जनरेटर चालवणंही जिवावर येऊ लागलं आहे.

अशा ठिकाणी टीव्ही, फ्रिज, राऊटर जळणं नवलाचं नाही. पण ते कशाने जळतात, हे विचारायला हवं. ताप आला की आपण नुसतं 'ताप' म्हणून थांबतो का? मलेरिया, टायफॉइड की साधा सर्दीचा, हे बघूनच औषध ठरतं. विजेचीही निदान तीन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं दुखणं म्हणजे क्षणाचा धक्का. त्यालाच सर्ज म्हणतात. जवळपास वीज पडली किंवा मोठं यंत्र चालू-बंद झालं की तारेतून हजारो व्होल्टचा लोंढा येतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जातोही. दिवा लुकलुकलेलाही कळत नाही, पण टीव्हीच्या आतलं नाजूक कार्ड मेलेलं असतं.

दुसरं दुखणं, व्होल्टेज बराच वेळ चढं राहणं. हे मिनिटं-दोन मिनिटं, कधी तासभरही टिकतं.

तिसरं दुखणं, व्होल्टेज उतरणं आणि लाईटची सारखी ये-जा. यात फ्रिज आणि एसीचा कॉम्प्रेसर मरतो. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमधला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर तो फिरायला धडपडतो, गुरगुरतो आणि तापतो.

आपल्या बॅगेतला साधा स्टॅबिलायझर यातल्या तिसऱ्या दुखण्याचा वैद्य आहे. दुसऱ्यावर त्याचं औषध ठराविक मर्यादेपर्यंत चालतं, आणि पहिल्याचा तर त्याला पत्ताही लागत नाही. कारण त्यातला रिले हलेपर्यंत लोंढा येऊन गेलेला असतो.

मग दुकानात मिळणारी सर्ज प्रोटेक्टरची पट्टी? तिच्या पोटात झिंक ऑक्साइडची, रुपयाएवढी किंवा त्याहून लहान चकती असते. एरवी ती वीज अडवून धरते आणि दाब प्रमाणाबाहेर वाढला की वाट मोकळी करून देते. धरणाच्या सांडव्यासारखं तिचं काम. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उघडले की पाणी खालच्या नदीत जातं, म्हणून धरण वाचतं. पण सांडव्याखाली नदीच नसेल तर? पट्टीची नदी म्हणजे अर्थिंग. ते नसेल तर तिचं अर्धंअधिक काम अडतं. शिवाय ही चकती प्रत्येक धक्क्यागणिक थोडी थोडी झिजते. तिचा छोटा हिरवा दिवा विझला तरी पट्टीवरची वीज चालूच राहते, म्हणून मंडळी वर्षानुवर्षं मेलेल्या पहारेकऱ्याच्या भरवशावर झोपतात. आणि हा सांडवा क्षणाच्या पुरासाठी आहे. दुसरं दुखणं आलं, व्होल्टेज तासभर चढून बसलं, तर ही चकती स्वतःच तापून जळते.

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, पण लेकीच्या इमारतीत ते घडलं. २०२३ च्या डिसेंबरात, मी पोचायच्या पंधरा दिवस आधी. तीन मजली इमारत, सहा बिऱ्हाडं. दोन आपली भारतीय, चार तिथली. सहा घरं तीन फेजवर वाटलेली आणि न्यूट्रल सगळ्यांना मिळून एक. त्या न्यूट्रलचा मीटरच्या पेटीतला सांधा सैल होत होत एका दुपारी सुटला.

न्यूट्रल सुटला म्हणजे काय होतं हे मी वायरमनला तीनदा विचारलं. मला समजलं ते असं. एकत्र कुटुंबातली आजी असते ना, जी सगळ्यांना सारखं वाढते, तसा न्यूट्रल. त्याच्यामुळे प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळतात. आजी उठून गेली की दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत भांडून वाटले जातात. आणि गंमत बघा, ज्या घरात एसी, इस्त्री असं पुष्कळ काही चालू असतं तिथे व्होल्टेज पडतं, आणि ज्या घरात जेमतेम फ्रिज आणि एखादा पंखा चालू असतो तिथे ते चढतं. भांडणाचा भार गप्प बसणाऱ्यावर, हा न्याय तारांतही चालतो तर!

लेक-जावई दोघं कामावर. घरात फ्रिज, राऊटर आणि टीव्हीचा लाल दिवा एवढंच चालू. तिन्ही गेले. इन्व्हर्टरचं कार्डही गेलं. महागाची सर्ज पट्टी वितळून भिंतीला काळा डाग पडला, आग लागली नाही हे नशीब. तळमजल्यावर एसी चालू होता, तिथे दिवे नुसते मंद झाले.

सगळ्यात काळजीची गोष्ट तिसऱ्या मजल्यावर घडली. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहतात, योरुबा आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, तिथे वडील बाईमाणसाला तसंच म्हणायची रीत आहे. वय माझ्याएवढंच. आपल्याला बीपी तसा त्यांना मधुमेह, रोज इन्सुलिन. मामा विजेच्या बाबतीत फार सावध. पोरं "अप नेपा" ओरडली की सगळे खटके बंद ठेवून आधी चहा टाकायचा, चहा पिऊन झाल्यावरच फ्रिज लावायचा, असा त्यांचा नेम. कॉम्प्रेसरचं शास्त्र त्यांनी कुठे वाचलं नव्हतं, अनुभवाने शिकल्या होत्या. पण लाईट आल्यावरची सावधगिरी त्या दिवशी उपयोगी पडली नाही, कारण लाईट गेलेच नव्हते. चालू विजेतच व्होल्टेज चढलं. त्यांचा फ्रिज जळला आणि दोन महिन्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या आत.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. दोन-चार तासांनी ते खराब होत नाही, पण लागोसच्या तिशीपारच्या हवेत किती दिवस निभावणार? त्यात २०२३ च्या जूनमध्ये नायरा मोकळा सोडल्यापासून तो घसरत चाललेला. आधी डॉलरला साधारण ४६० नायरा पडत, २०२४ मध्ये ते १५०० च्या आसपास गेले. बाहेरून येणारं औषध आणि बाहेरून येणारा फ्रिज, दोन्ही निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनीच्या आवाक्याबाहेर. शेवटी बाटल्या तळमजल्यावरच्या फ्रिजमध्ये गेल्या आणि मामा सकाळ-संध्याकाळ गुडघे धरत दोन जिने उतरू लागल्या. मी गेले तेव्हा त्यांचं हे चालूच होतं. 'सर्जपासून संरक्षण' हे शब्द आपण गॅजेटच्या कौतुकात वापरतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला अशी एक बाई जिन्यात उभी असते.

आता माझा मुद्दा. हे अचानक झालं का? रखवालदाराने आठ दिवस आधी सांगितलं होतं की एका घरातले दिवे जास्त लख्ख आणि दुसऱ्या घरातले मिणमिणते दिसतात. न्यूट्रल सैल झाल्याची हीच खूण. पण ही खूण एका घरात बसून कळत नाही. आमच्याकडे दिवे लख्ख आहेत, तुमच्याकडे कसे, असं शेजाऱ्याला विचारावं लागतं. सहा घरांत मिळून पाच इन्व्हर्टर होते, स्टॅबिलायझर किती ते मोजले नाहीत, पण सहा घरं एकत्र बसून मीटरच्या पेटीविषयी कधी बोलली नव्हती. प्रत्येकाने आपापला डबा घेतला होता. सामायिक तारेला डबा पुरत नाही.

वायरमन आला तेव्हा मी होते. त्याने लेकीकडचा सॉकेट उघडून दाखवला. हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर व्यवस्थित जोडलेली. मग मेन बोर्ड उघडला. तीच वायर तिथे कशालाच जोडलेली नव्हती, टोक मुडपून कोपऱ्यात खोचून ठेवलं होतं. म्हणजे इमारत बांधल्यापासून घराला अर्थिंग नव्हतंच. हा प्रकार काही लागोसचाच नाही. आपल्या गावाकडच्या किती घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं!

मग सहा घरांनी वर्गणी काढली. घरमालकाने आधी टोलवाटोलवी केली. तिथे वर्षाचं भाडं एकरकमी आगाऊ द्यायची पद्धत आहे, त्यामुळे भाडेकरूचा हात दगडाखाली. अखेर निम्मा खर्च त्याने दिला. न्यूट्रलचा सांधा नवा करून घट्ट बसवला. आवारात तांब्याचा रॉड ठोकून घराघरांत खरं अर्थिंग दिलं. प्रत्येक मेन बोर्डावर व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की आपोआप वीज तोडणारं आणि ठीक झाल्यावर काही मिनिटं थांबून जोडणारं उपकरण लावलं. त्याच्या शेजारी बोर्डाचा सर्ज प्रोटेक्टर, तोही अर्थिंगला आखूड वायरीने जोडलेला. वायर जितकी लांब तितका लोंढा अडखळतो, असं वायरमन म्हणाला. हे सगळं मिळून एका नव्या फ्रिजपेक्षा पुष्कळ स्वस्तात झालं.

यावर आपली मंडळी तीन आक्षेप घेतात, ते माझ्या कानावर आले आहेत.

पहिला : "आपण इथे दोन वर्षांचे पाहुणे. परक्याच्या घरावर कशाला खर्च?" अहो, घर परक्याचं असलं तरी फ्रिज तुमचा आहे आणि त्या सॉकेटला हात लावणारं लेकरू तुमचं आहे. अर्थिंग वस्तूंसाठी आहे तसं जिवासाठीही आहे. गीझरला किंवा वॉशिंग मशीनला करंट उतरला तर तो जमिनीत जायचा की माणसातून जायचा, हे त्या एका वायरीवर ठरतं.

दुसरा : "आता सोलर आहे, ग्रिडची कटकटच नको." सोलरचा इन्व्हर्टरही बहुतेक घरांत ग्रिडलाच जोडलेला असतो, आणि छतावरच्या पॅनेलच्या तारा पावसाळी विजांना आमंत्रणच देतात. घरातली सर्वांत महाग वस्तू आता तोच आहे. त्याला अर्थिंग जास्तच लागतं.

तिसरा आक्षेप अमेरिकेतल्या भाचेमंडळींचा : "हे सगळं तुमच्या आफ्रिकेत, आमच्याकडे वीज जात नाही." जात नसेल. पण फ्लोरिडासारख्या ठिकाणी आकाशातून येते त्याचं काय? तिथे पहिलं दुखणं जोरात आहे. अमेरिकेच्या विद्युत संहितेच्या २०२० च्या आवृत्तीत राहत्या घरांच्या वीजजोडणीला सर्ज प्रोटेक्टर आवश्यक ठरवला, तो उगीच नाही. जुन्या घरात राहणाऱ्यांनी आपल्या बोर्डावर तो आहे का ते बघावं. आणि केबलच्या तारेतूनही लोंढा टीव्हीत शिरतो, हे विसरू नये. आपला २३० चा स्टॅबिलायझर मात्र तिथल्या १२० व्होल्टला काही कामाचा नाही, तो नेऊ नका.

आणखी एक सवय मला फार खटकते. इंग्लिश पद्धतीच्या सॉकेटमध्ये वरचा, अर्थिंगचा पाय लांब असतो. तो आधी आत जातो आणि खालच्या दोन भोकांवरची झाकणं उघडतो. मुलांनी खिळा घालू नये म्हणून ही सोय. आपली माणसं काय करतात, तर वरच्या भोकात पेनाचं टोपण खुपसून झाकण उघडतात आणि भारतातून आणलेला दोन गोल पायांचा प्लग खाली दाबून बसवतात. यात अर्थिंग गेलं, प्लगमधला फ्यूज गेला आणि पाय सैल बसून ठिणग्या उडतात त्या वेगळ्याच. चांगला प्लग बदलून घ्यायला दहा मिनिटं लागतात.

तेव्हा बॅग भरणाऱ्यांना माझं सांगणं. लॅपटॉप आणि मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, त्यांना स्टॅबिलायझर लागत नाही. त्या जागी डाळीचं पीठ न्या. घर ठरवताना खोल्या, पाणी, शाळा विचारता त्याबरोबर तीन गोष्टी विचारा. अर्थिंगचा रॉड कुठे आहे तो दाखवा. मेन बोर्ड उघडून दाखवा. मीटरच्या पेटीतले सांधे शेवटचे कधी बघितले? उत्तर नुसतं ऐकून घेऊ नका, तिथल्या वायरमनला दोन पैसे देऊन मीटर लावून बघायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास फेज आणि न्यूट्रलमध्ये असतं तेवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे. अजिबात दिसलं नाही तर तिसरं भोक शोभेचं आहे असं समजा. हे काम स्वतः करू नका. त्या गावच्या विजेचे स्वभाव त्या गावच्या माणसाला ठाऊक असतात.

आमच्या लहानपणी घरामागे अर्थिंगचा खड्डा असायचा, मीठ आणि कोळसा घातलेला. उन्हाळ्यात वडील आम्हाला त्यात तांब्याभर पाणी ओतायला लावायचे, कारण कोरडी माती वीज घेत नाही. लागोसला डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून कोरडा, धुळीचा वारा येतो, त्याला हर्माटन म्हणतात. त्या दिवसांत मी नव्या रॉडपाशी रोज थोडं पाणी घालत असे. रखवालदाराला आधी वाटलं, म्हातारी तुळस शोधते आहे. मग त्याला कारण सांगितलं. मी परतल्यावर आता तो घालतो, असं लेक सांगते.

मामांनी दुरुस्त केलेला फ्रिज घेतला. इन्सुलिन पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आहे. त्यांच्या दारात मेन बोर्डापाशी सहा घरांचे फोन नंबर आणि 'दिवे कमी-जास्त दिसले तर लगेच सांगा' अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरात लावलेली आहे. अक्षर मुख्याध्यापिकेचं, वळणदार.

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी जे मस्कत, नैरोबी, दार-ए-सलाम अशा ठिकाणी आहात त्यांनी आपल्या घराचा मेन बोर्ड एकदा वायरमनकडून उघडून घ्या आणि हिरवी-पिवळी वायर कुठे जाते ते मला कळवा.